हिराकाकीच्या ओटीवरचा कॉम्प्युटर

आमच्या आळीत पहिला कॉम्प्युटर आला तो हिराकाकी तांडेलच्या ओटीवर. खरं तर तो शाळेचा. पण शाळेत तो फक्त पंधरा-वीस दिवस राहिला असेल.

घिवली गावाच्या अंगाला, समुद्राला टेकून आमची आळी. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन. खंडेराव गुरुजी मंगळवेढ्याकडचे. ते बोईसरला राहायचे आणि रोज एसटीने आमच्याकडे यायचे. त्यांच्या शेजाऱ्यांच्या कारखान्यात नवी मशिनं आली, तेव्हा ऑफिसातलं एक जुनं त्यांनी शाळेसाठी मागून घेतलं. जाडजूड पडद्याचं, पिवळट पडलेलं ते धूड त्यांनी रिक्षात मांडीवर धरून आणलं. मी तेव्हा तिसरीत होते. आम्ही सगळी पोरं रिक्षामागे धावलो होतो.

मग पावसाळा लागला. शाळेच्या भिंतींना ओल आली आणि एके दिवशी बटण दाबताच वायरिंगमधून धूर निघाला. कॉम्प्युटर वाचला, पण आता तो ठेवायचा कुठे? गुरुजी छत्री घेऊन शाळेच्या दारात उभे होते. समोर हिराकाकी भांडी घासत होती. तिचं घर नवं, स्लॅबचं, आळीतलं सगळ्यात कोरडं.

"हिराताई, चार दिवस ठेवाल का?" गुरुजींनी विचारलं.

"ठेवा की. खातोपितो काय थोडाच?" काकी म्हणाली.

त्या चार दिवसांची बारा-तेरा वर्षं झाली. वायरिंग पुढे बदललं, पण भिंतींची ओल काही गेली नाही. आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटर परत न्यायची घाई कुणालाच नव्हती.

काकीचा मुलगा विपुल बोईसरला कारखान्यात लागून तिकडेच राहिला होता. घरात ती आणि महादूकाका. काका बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. ओटीच्या ज्या कोपऱ्यात त्यांची जाळी पडलेली असायची, तिथे आता टेबल आलं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या; काका बोटीची डागडुजी करून आले, ते खांद्यावर जाळं घेऊन दारातच उभे राहिले.

"हा कोन बसलाय माज्या जागेवर?"

"पावना हाय शाळेचा," काकी म्हणाली. "जाईल चार दिसांत."

तेव्हापासून त्याचं नाव पावना. आम्ही घरी सांगायचो, पावन्याकडे जातो. नव्या सुनांना वाटायचं, काकीकडे कोणी आजारी पाहुणा येऊन पडलाय.

या पाहुण्याचे लाड फार. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात असं गुरुजी म्हणाले, तर काकीने लग्नातली जांभळी साडी फाडून त्याला झबल्यासारखं झाकण शिवलं. ओटीवर टांगलेल्या बोंबलांच्या माळा मागच्या पडवीत गेल्या. आम्ही दुपारी शाळा सुटल्यावर यायचो, तर दारात बादली भरलेली. वाळूचे पाय धुवायचे, हाताला मासळीचा वास नाही ना ते दाखवायचं, मग आत. बटण मात्र काकीच दाबायची. ते गुरुजींनी तिच्याकडे सोपवलं होतं. घूं करून आवाज यायचा, पडदा उजळायचा आणि काकी पदराला हात पुसत बाजूला व्हायची.

कॉम्प्युटर एक आणि आम्ही वीस-बावीस. खुर्चीवर एकजण, त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं आणि मागे बाकीची चढाओढ. माउस कोणाच्या हातात यावरून रोज रडारड. माझ्या मागे झिपरूकाकांची पारू असायची. ती माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणायची, "आता माजी पाली, आता माजी पाली." पाळी आली की मात्र पडद्याकडे नुसती बघत बसायची. ज्यांचा नंबर लांब असायचा ती पोरं ओटीच्या लादीवर खडूने कीबोर्ड काढायची आणि त्यावरच बोटं चालवायची. संध्याकाळी काकी लादी पुसायला घ्यायची, तर पोरं ओरडायची, "काकी, पुसू नको, उद्या लागेल!" मग तेवढी लादी सोडून ती बाकीची ओटी पुसायची.

काकीला स्वतःला लिहायला-वाचायला येत नव्हतं. गुरुजींनी एकदा म्हटलं, "हिराताई, तुम्ही पण शिका. नाव तरी लिहा." तिने हसून टाळलं. पण आम्ही काय करतोय ते तिला दुरूनही कळायचं. घरात नेहमीपेक्षा शांतता झाली की भाकरी थापता थापता आतून हाक यायची, "पत्ते खेलताय का रे? गुरुजींला सांगू?"

महादूकाका मात्र त्याच्याशी बोलत नसत. म्हणजे पाहुण्याशी. आले की त्याच्याकडे पाठ करून जेवायचे. मग एकदा आम्ही त्यांच्या बोटीचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: जलदेवी. रंग निळा केला. काका ताटावरून उठले, खरकटा हात तसाच, आणि जवळ येऊन त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. "हे कागदावर निगंल का?" त्यांनी विचारलं. गुरुजींनी बोईसरहून छापून आणलं. काकांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून बोटीच्या केबिनमध्ये चिकटवलं. तरी तोंडाने म्हणायचे, "माजी जागा खाल्ली त्यानं."

मी सातवीत असतानाचा आषाढ मला चांगला आठवतो. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. काका बहिणीकडे पामला गेलेले. अमावास्येची मोठी भरती आणि सकाळपासून धो धो पाऊस. खाडीचं पाणी मागे सरेना आणि दुपारी ते आळीत शिरलं. आम्ही सगळे आपापल्या घरातली पिंपं, गाद्या वर चढवत होतो. काकीच्या घरात पावसाळ्याची बेगमी होती. बोंबील, करदी, मांदेली, सगळी सुकट पडवीत टोपल्यांत भरलेली. घरात ती एकटीच.

तिने आधी पडदा उचलला. जांभळ्या झाकणासकट छातीशी धरून शिडीने पोटमाळ्यावर नेला. मग तो खालचा जड डबा. मग कीबोर्ड, माउस, वायरी. ती खाली उतरली तोवर पडवीत गुडघाभर पाणी होतं आणि टोपल्या तरंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. काका आले तेव्हा आम्ही पोरंच ओटीवरचा चिखल काढत होतो. काकांनी पडवीत जाऊन पाहिलं. भिजलेल्या सुकटीचा वास सगळ्या घरात भरला होता. मग त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं.

"वर्साचं खानं गेलं," ते म्हणाले, "नि हा डबा वाचवलास?"

काकी झाडू हातात धरून उभी होती. "सुकट आपली हाय," ती म्हणाली. "आपन उपाशी राहू नायतर मागून खाऊ. ह्यो पोरांचा हाय. भिजला असता तर गुरुजींला काय तोंड दाखवलं असतं?"

काका घराबाहेर पडले ते थेट बोटीवर जाऊन बसले. आम्हीही झाडू तिथेच टाकून घरी पळालो. मी आईला सगळं सांगितलं. आईने चुलीपुढून उठून आमच्या डब्यातली ओंजळभर करदी केळीच्या पानात बांधली. "दे जा काकीला. काय बोलू नको, ठेवून ये." मी गेले तर काकीच्या ओटीवर आधीच तीन-चार पुड्या होत्या. पारूच्या आईची, इंदुबाईची, आणखी कोणाकोणाची. संध्याकाळपर्यंत टोपली भरली. काका परतले, टोपलीजवळ उकिडवे बसले आणि बोंबील वेगळे, मांदेली वेगळी असं निवडत राहिले. मग उठून माळ्यावर गेले आणि पाहुण्याला स्वतः खाली घेऊन आले.

मी दहावी झाले, बारावी झाले, पालघरला कॉलेजात जाऊ लागले. काकीकडे नवी नवी पोरं येत राहिली. पाहुणा म्हातारा झाला. सुरू व्हायलाच एवढा वेळ घ्यायचा की तोवर पोरांचं पाणी पिऊन व्हायचं.

मग शाळेची नवी खोली झाली. छपरावर सौर पॅनेल, भिंती कोरड्या, आणि कुठल्याशा संस्थेकडून आलेले छोटे छोटे कॉम्प्युटर. तळहातावर मावेल एवढी पेटी, समोर पातळ पडदा. स्वस्तातले, पण दोघांत एक. गुरुजी निवृत्तीला आले होते. ते दोन पोरं घेऊन काकीकडे आले.

"हिराताई, पाहुण्याला न्यायला आलोय. शाळेच्या सामानात नोंद आहे. भंगारात का होईना, जमा करावा लागेल."

काकीने झाकण काढलं, ओल्या फडक्याने सगळा पुसला, वर नारळ ठेवला. "रिकाम्या हातानं नको जायला," एवढंच म्हणाली. मी त्या दिवशी घरी होते. पोरं त्याला घेऊन गेली आणि काकी ते झाकण घडी करत किती तरी वेळ दारातच उभी होती.

नव्या खोलीच्या उद्घाटनाला तिला बोलावलं होतं. गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली. दुपारी घरात कोणी येईना. आई सांगायची, काकी चार वाजले की उगाच दारात येऊन उभी राहते. महिनाभराने एकदा ती आपणच उठून शाळेत गेली. मुलं रांगेत बसलेली, दोघांपुढे एक पडदा. सगळं शांत. तिने गुरुजींना हळूच विचारलं, "हितं कोन भांडत नाय?"

"भांडायला कारणच उरलं नाही, ताई," गुरुजी म्हणाले.

"बरं झालं," काकी म्हणाली. आणि मग जरा थांबून, "बरंच झालं."

मी आता पालघरला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. यंदा होळीला घरी गेले तेव्हा काकीकडे चहाला बसले होते. महादूकाकांनी आता बोट सोडली आहे. त्या कोपऱ्यात पाय पसरून ते जाळं विणत होते.

"ही आजून शाळेत जाते बग," ते मला म्हणाले. "रोज. पायरीवर बसते."

"काय बघतेस गं काकी?" मी विचारलं.

"पोरांची डोकी बगते," काकी म्हणाली. "पाठमोरी. तुमाला बी इतकी वर्सं मागनंच बगितलं ना मी. तू, पारू, सगली. चुलीपासनं तुमची डोकीच दिसायची. कोनाची येनी सुटली, कोनाच्या मानेला गलू आलं, सगलं म्हाईत असायचं."

काका सुईत दोरा ओवत होते. "चहा दे," म्हणाले, "नि तिला पन दे अजून."