कलाकार हयात नाहीत

आमच्या सासऱ्यांचा जीव माणसांत कधी नव्हताच, तो पाकिटांत. वन्यप्राण्यांचं नवं तिकीट निघालं की पहिल्याच दिवशी पोस्टाच्या खिडकीशी सगळ्यांच्या पुढे हेच उभे. हातात कोरं पाकीट नव्हे हं, रंगवलेलं. डावीकडे हाताने काढलेला बिबट्या नाहीतर पाणमांजर, उजवीकडे तिकिटापुरती मोकळी जागा. तिकीट चिकटवलं, त्या दिवसाचा शिक्का बसला, की झालं फर्स्ट डे कव्हर. शिक्का जरा तिरका पडला तर कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार!

रंगवायच्या मात्र आत्या. सासऱ्यांची धाकटी बहीण, बिनलग्नाची, आमच्याच घरात स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहणारी. पाकिटाचा कागद पाणी जास्त झालं की फुगतो, म्हणून त्या ब्रश आधी मनगटावर टिपून घ्यायच्या. मिशा काढताना श्वास रोखायच्या. मी दार आपटलं की ओरडायच्या, "अगं बये, मिशी गेली ना माझी!" आणि स्वतःच हसत सुटायच्या. सही करायची मात्र बंदी. "सहीने पाकीट खराब होतं," हा सासऱ्यांचा कायदा.

तिकीट जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा आत्यांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "दादा, पाकिटाखालच्या चिठ्ठीवर माझं नाव घालशील? बारीक अक्षरात चालेल."

"बघू," दादा म्हणाले. त्या एका 'बघू'वर बाईने ठेवणीतले कपडे इस्त्री केले.

प्रदर्शनात काचेखाली पाकिटं, प्रत्येकाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर प्राणी, तारीख आणि संग्राहकाचं नाव. आत्या वाकून वाकून वाचत पार शेवटच्या टेबलापर्यंत गेल्या. तिथे परीक्षक भिंग लावून बसले होते. "काय हात आहे हो! कोणाचा? आणखी मिळतील?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "नाही. कलाकार हयात नाहीत."

आत्या शेजारीच उभ्या होत्या. जिवंत माणूस आणखी रंगवतो, मेलेला नाही. दुर्मिळ म्हणून पहिलं बक्षीस सासऱ्यांनाच मिळालं. एक बाई तर आत्यांना म्हणाली, "तुमच्या कोणी होत्या का त्या? वाईट झालं." आत्या म्हणाल्या, "हो, जवळच्याच."

घरी मी तोंड सोडलं. "बाबा, ठणठणीत माणसाला मारलंत तुम्ही!"

"तू गप्प बस, तुला यातलं काय कळतं?" मग बहिणीकडे वळून, "आणि तू आता ब्रशला हात लावायचा नाहीस. एक जरी नवं बाहेर पडलं तर माझी अब्रू जाईल."

पण आत्यांनी ऐकलं नाही. पुढचं तिकीट खवल्या मांजराचं निघालं. त्यांनी एकेक खवला रंगवला, पहिल्यांदाच कोपऱ्यात सही केली, स्वतः रांगेत उभं राहून शिक्का घेतला आणि मला घेऊन मंडळाच्या बैठकीत गेल्या. सासरे तिथे होतेच.

"छान आहे," एक सभासद म्हणाले. "पण त्या गेलेल्या बाईंची नक्कल वाटते."

"मीच ती," आत्या म्हणाल्या.

ताडून पाहायला बक्षिसाचं एक जुनं पाकीट टेबलावर आलं. मग भिंग सरकलं सासऱ्यांपुढे. त्यांच्याइतकी ती पाकिटं कोणी पाहिली होती? मला वाटलं, रक्ताची बहीण आहे, आता तरी लाज वाटेल या माणसाला. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवलं.

"हात वेगळा आहे," ते म्हणाले. "हिला असं बोलायची सवयच आहे, मनावर घेऊ नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र भांडल्या नाहीत. त्यांनी आपलं पाकीट जुन्या पाकिटाशेजारी धरलं, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "खरंच वेगळा दिसतोय का गं?"