बाईंच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

निर्मलाबाई म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पेणच्या शाळेत, आठवीच्या वर्गात. बाई मूळच्या नगरकडच्या. लग्नानंतरही बरीच वर्षं तिकडेच शिकवून मग पेणला आल्या आणि त्याच वर्षी आमच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाल्या. मी खाडीकाठच्या गावातून एस.टी.ने येणारी मुलगी. आईवडील मिठागरावर कामाला. वर्गात मी तोंड उघडलं की ‘नाय’ आणि ‘हाय’ बाहेर पडायचं, आणि पुढच्या बाकांवर हसू फुटायचं. म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. हजेरीला म्हणायचा ‘उपस्थित’ हा एक शब्द तेवढा घोटून ठेवला होता.

दर बुधवारी शेवटच्या तासाला बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन येत. त्यात चिठ्ठ्या असत. एकेकाने उठायचं, चिठ्ठी काढायची, मोठ्याने वाचायची आणि उत्तर द्यायचं. ‘कांदेपोहे’ या शब्दाचा समास ओळखा आणि त्यात कांदा आधी पडतो की पोहे, तेही सांगा. ‘अगं बाई, तू इथे?’ हे वाक्य सिनेमात बहुधा कोण कोणाला म्हणतं, आणि त्यातलं केवलप्रयोगी अव्यय कोणतं? नायकाची आई आजारी पडली की नेमका पाऊस का लागतो? उत्तरात ‘कारण’ हे उभयान्वयी अव्यय आलंच पाहिजे. व्याकरणाच्या नावाने पळ काढणारी आम्ही मुलं बुधवारची वाट बघू लागलो होतो. मी मात्र माझी पाळी येऊ नये म्हणून वही काढायच्या निमित्ताने बाकाखाली वाकून बसायची.

एकदा पाळी आलीच. चिठ्ठीवर एकच शब्द होता, पोपटी. शब्दाची जात सांगा.

मला इतकं सोपं काही येईल असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, “बाई, ते नाम हाय.”

वर्ग हसला. बाईंनी मान हलवली. “पोपटी रंग, पोपटी लुगडं. विशेषण आहे. बस.”

मी बसले. आता पुन्हा कधी उठायचं नाही, असं त्याच वेळी ठरवून टाकलं.

त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बाईंनी हा प्रसंग सांगितला, तेव्हा जवळच्याच गडब गावचे एक शिक्षक त्यांनाच हसले म्हणे. दुसऱ्या दिवशी मराठीचा तास नव्हता, तरी बाई आमच्या वर्गात आल्या. म्हणाल्या, “काल मी वैशालीला चूक म्हटलं. चूक माझी होती. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शिजवलेल्या वालाच्या शेंगा. ते नाम आहे. रंगाला म्हटलं की विशेषण. मला एकच अर्थ ठाऊक होता. पण तुम्हाला तर दोन्ही ठाऊक होते. मग तुम्ही कशाला हसलात?”

बाईंनी फळ्यावर ‘आहे’ लिहिलं, त्याच्याखाली ‘हाय’ लिहिलं, आणि दोन्हींपुढे एकच शब्द लिहिला: क्रियापद. मग माझ्याकडे वळून विचारलं, “पोपटी खायला कधी मिळेल?”

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या असतील. पण थंडीत एका रविवारी दुपारी त्या खरंच आल्या. माझ्या मामाचं गडबला भातशेत. भात निघालं की त्यात वाल. मामाने मडकं उपडं घालून भोवती जाळ केला होता. पाला जळल्याचा वास सुटला तसं आईने बाईंना पोत्यावर बसवलं आणि मला हाक मारली, “वैशे, बाईंना पान दे गो.” मग बाईंना म्हणाली, “गरम हाय, फुंकून खावा.” बाईंचं बोट भाजलंच. त्या दिवशी त्यांनी आईला पंचवीस-तीस शब्द विचारून वहीत उतरवून घेतले. मिठागरावरच्या बोलण्यातले, खाडीतल्या मासळीचे. शाळेतल्या बाई आपल्याला विचारतात आणि लिहून घेतात, याचं आईला इतकं अप्रूप वाटलं की दहावीनंतर मला कामावर न्यायचा विषय निघाला तेव्हा तीच वडिलांना म्हणाली, “नाय, ती शिकल.” पोपटीनंतरच्याच बुधवारी डब्यात आईच्या शब्दांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांची उत्तरं पुढच्या बाकांना येईनात. मला येत होती. मी उठून उभी राहिले.

बाईंचं हे सगळ्यांनाच रुचलं असं नाही. एका पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की शाळेत सिनेमाच्या गप्पा चालतात. बाईंनी त्या गृहस्थांना बुधवारी वर्गातच बोलावलं आणि डबा पुढे धरला. त्यांना ‘चलच्चित्र’ या शब्दाची संधी सोडवायची चिठ्ठी आली. ती काही त्यांना सुटली नाही. बाईंनी त्यांची फजिती होऊ दिली नाही. त्यांच्याच मुलाला हळूच म्हणाल्या, “बाबांना मदत कर.” तो मुलगा उत्तर सांगत असताना वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तक्रार तिथेच संपली.

पुढे मी डी.एड. केलं आणि रोह्याच्या शाळेत लागले. निवृत्त झाल्या त्या दिवशी बाईंनी तो डबा माझ्या हातात दिला.

दोन वर्षांपूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय महिनाभरात सावरले. शब्द मात्र गेले, आणि त्यातही नामं. पाणी दिसे, तहान कळे, पण ‘पाणी’ म्हणता येत नसे. “ते… प्यायचं… ते…” एवढंच. मी शनिवारी सकाळची शाळा सुटली की रोह्याहून गाडीने पेणला जाऊ लागले. दारात सूनबाई सांगत, “आई कोणालाच भेटत नाहीत हो.” मला आत सोडत, पण बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जन्मभर मुलांना शब्द शिकवले आणि आता विद्यार्थिनीसमोर चाचपडायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी डबा घेऊन गेले. चिठ्ठी काढून वाचली. बाईंनी हात झटकला. डबा पलंगावरून खाली पडला आणि चिठ्ठ्या खोलीभर झाल्या. मी खाली बसून त्या वेचू लागले. वेचता वेचता मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

बाईंचे यजमान, आमचे म्हात्रेकाका, कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेले. सिनेमाच्या बाबतीत अगदी कच्चे. मला बरं वाटावं म्हणून तेही खाली बसले. एक चिठ्ठी उचलून म्हणाले, “हा तर हिचा आवडता सिनेमा. शेवटी तो हिरो मुंबईला जातो आणि तिकडेच राहतो.”

“नाय,” पलंगावरून आवाज आला.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. बाई उठून बसल्या होत्या. काकांची चूक त्यांना ऐकवेना. “परत… येतो. गावी.”

“कशाने येतो गं?” काकांनी विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, “बैल… गाडी.”

झटक्यानंतरचं ते पहिलं नाम. काकांनी तोंडावर पंचा धरला. मला राहवलं नाही, मी विचारलं, “समास?” बाई माझ्याकडे बघून खुदकन हसल्या. समास काही सांगितला नाही, पण पुढच्या शनिवारी माझी वाट बघत दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

आज बाई बोलतात. सावकाश बोलतात, मध्येच थांबतात. परवा त्यांनी मला लेक्चर दिलं की माझे विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घात फार ढिसाळ आहेत. त्या एका वाक्याला चांगली दोन मिनिटं लागली, आणि ते बरोबरच होतं.

बाईंना आता पंच्याहत्तर वर्षं होत आहेत, त्यानिमित्त होणाऱ्या समारंभाला त्यांचे पेण-रोह्याकडचे कितीतरी विद्यार्थी येतील. त्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. बाई तुमच्याशी बोलताना अडल्या, तर मायेपोटी शब्द पुरवू नका. नुसते समोर उभे राहा. शब्द येतो, आणि तो त्यांचा त्यांना सापडला की चेहरा कसा उजळतो, ते बघायला मिळतं.

बाईंना भरपूर आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, काकांची सोबत असो. आणि आम्हाला त्यांचं सावकाश, थांबत थांबत बोललेलं पुष्कळ ऐकायला मिळो.