माशांच्या पाण्यावरचा पालक

बाबांनी क्वार्टरच्या मागच्या अंगणात पिंप आडवं कापून त्यात मासे सोडले, तेव्हा आईने त्या बाजूची खिडकीच बंद करून टाकली. पिंपावर खडी भरलेला ट्रे होता आणि खडीत पालक. पावसाळ्यात रिकामा पडलेला कूलरचा पंप माशांचं घाण पाणी वर चढवायचा, ते खडीतून निवळून परत खाली यायचं. माती नको, खत नको. कारखान्यात मेंटेनन्स सांभाळणारे बाबा हे सगळं अशा थाटात सांगत, की जणू टर्बाइनच बसवलंय. पलीकडच्या ओळीतले बंगाली काका तर एवढे भारावले, की थोडी खडी मागून नेऊन त्यांनीही तसंच पिंप मांडलं.

पालक मात्र असा तरारला, की मी थट्टा करायचं थांबले. आई नाक मुरडत का होईना, तो शिजवायला लागली. पण भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि नैवेद्याला सोळा भाज्यांची एकत्र भाजी लागते. त्या सोळांत आपला पालक असावा, एवढीच बाबांची इच्छा होती. आईने साफ झिडकारलं.

"माशांच्या घाणीतला पालक देवीला? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

बाबा हट्टाला पेटले. घाणीचाच प्रश्न आहे ना, मग घाणच काढू! सणाच्या आठवडाभर आधी त्यांनी रीतसर 'शटडाउन' घेतलं. पालक मुळांसकट बादलीत ठेवला, सगळी खडी उकळत्या पाण्याने घासून चकचकीत केली आणि पालक पुन्हा लावला. दोनच दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. बाबांनी अर्धं पाणी बदललं, खाणं बंद केलं, तरी मासे वरच होते आणि बाबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मलाही रडू येत होतं.

वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या आईने ते पाहिलं.

"काय करून ठेवलं हे?"

"पाणी निवळणारे जंतू असतात खडीत. चांगले. ते मेले," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

"म्हणजे विरजणच धुऊन टाकलं तुम्ही!"

आणि ती निघाली. काकांच्या घरावरून जाताना एरवी नाकाला पदर लावणारी माझी आई, मासे तळणाऱ्या त्या स्वयंपाकघरातून थेट त्यांच्या अंगणात गेली आणि बुळबुळीत खडीचं घमेलं कमरेवर घेऊन आली. ती खडी ट्रेमध्ये मिसळली. चार-पाच दिवसांत मासे खाली जाऊन फिरायला लागले.

सणाच्या सकाळी बिट्टन मार्केटमधून आणलेल्या भाज्या चिरून झाल्या. पालकाची जुडी आईने पिशवीतच राहू दिली.

"अहो, हात धुऊन तुमचा पालक खुडून आणा."

बाबा नळाकडे निघाले, पण दारातून मागे वळले. "अगं, पण ते पाणी..."

"आणा म्हटलं ना. ह्यांचे मासे वाचू दे, मग ह्यांचाच पालक वाढीन, असं बोलून बसले मी देवीला."