गुरुवारचा वास

गॅस एजन्सीत मी तपासणीचं काम करतो. भाड्याच्या खोल्यांतून हिंडायचं, रेग्युलेटर बघायचा, नळी बघायची, जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि फॉर्मवर 'सुरक्षित' लिहून सही ठोकायची. माझ्या नाकाचा मला भारी गर्व. घरी दूध करपलं तर मला जिन्यातच कळतं, हे ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

त्या बुधवारी निघोजे गावातली दहा खोल्यांची चाळ तपासत होतो. नऊ झाल्या. दहावीला कुलूप. तिथले नवरा-बायको तान्ह्या पोराला डोस द्यायला दवाखान्यात गेले होते. दारापाशी सडका, उग्र वास आला म्हणून मी थबकलो. सोबतची घरमालकीण हसली.

"त्यो कंपनीचा हाय, भाऊ. मागं रबर भाजत्यात. आमी रोजच घेतो. कर सही, उगं पुन्यांदा हेलपाटा कशाला?"

ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. वास कंपनीचा असणं माझ्याही सोयीचं होतं. मी सही केली आणि कागद तिच्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक कंपन्यांची सुट्टी रविवारी नाही, गुरुवारी असते. एक शेगडी दुरुस्त करायला त्याच रस्त्याने निघालो होतो. रबराच्या कंपनीचं गेट बंद, आत चिटपाखरू नाही. आणि चाळीसमोर आलो तर कालचाच वास. गाडी तशीच आडवी टाकून धावलो.

दहावीचं दार अर्धवट उघडं होतं. बाई ओट्यापाशी, हातात लायटर. पोर झोळीत.

"पेटवू नका!"

ती जागीच थांबली. मी रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली, दोघांना अंगणात नेलं. वास पार गेल्यावर रेग्युलेटर क्षणभर उघडून फेस लावून पाहिला. नळीच्या तोंडाशी बारीक बुडबुडे आले. मी ती नळी बदलली.

"वास यायलाय की दोन दिसांपासून," ती म्हणाली. "मला वाटलं कंपनीचाच हाय. आन् काल तपासणी झाली म्हणून मावशींनी कागद दिला, मग मी निर्धास्त झाले."

कागद देवाच्या फोटोमागे खोचलेला होता. निघताना दारात उभा राहून मी तो परत मागितला.

"राहू द्या की, भाऊ. तुमच्यामुळं लेकरू वाचलं माझं. जपून ठेवते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलो असतो तर चहा मिळाला असता.

"ताई, काल मी आत आलोच नव्हतो. बाहेरूनच सही केली."

तिने फोटोमागचा कागद काढून माझ्या हातात दिला, आणि पोराला छातीशी धरून दार लावून घेतलं.