न वाळलेल्या टमाट्यांचा जाहीर सत्कार

माणसाचा सत्कार करून त्याला जवळजवळ पळवून लावता येतं, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. धाड गावाच्या अलीकडे, बुलडाणा रोडला आमचं गाव. नोकरी संपली तेव्हा माझ्याजवळ आवाज तेवढा शिल्लक राहिला होता आणि तो कुठे वापरावा, हे कळत नव्हतं. (घरात वापरायची सोय नाही. तिथे बायकोचा आहे.)

माझी लेक प्रज्ञा अन्नतंत्रज्ञान शिकली. म्हणजे नेमकं काय शिकली, हे मला अजून सांगता येत नाही. पाहुण्यांना मी 'खाण्यापिण्याची इंजिनियर' असं सांगतो आणि पाहुणे 'वा वा' म्हणून चहा पितात. पुण्याला चांगल्या नोकरीत होती. एका उन्हाळ्यात सुटीवर आली, बाजारात भाव पडले म्हणून लोकांनी रस्त्याच्या कडेला ओतलेले टमाटे पाहिले, आणि घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मी काई आता परत जात नाई."

मग आमच्या मागच्या अंगणात तिचे ड्रायर आले. कमरेइतक्या उंचीच्या लांब पेट्या, वरून पारदर्शक झाकण, आत जाळीचे ट्रे. टमाटे, कांदा, कढीपत्ता चिरून ठेवायचा आणि उन्हानं वाळवायचा. वीज नको, डिझेल नको, फक्त ऊन पाहिजे. आणि ऊन ही एकच गोष्ट आमच्याकडे मागितल्यापेक्षा जास्त मिळते. बचत गटाच्या बाया हाताशी आल्या, माल चांगला निघायला लागला, पण चार पेट्यांनी पोट भरत नाही. काम वाढवायला भांडवल पाहिजे. तिकडे पुण्याची कंपनी फोन करत होती, "येता का नाही ते एकदा सांगा."

तेवढ्यात तिनं पुण्याच्या कोण्या मॅडम शोधून काढल्या. केतकी मॅडम. शेतमालाच्या अशा लहान उद्योगांत पैसा लावणं हाच त्यांचा धंदा. त्या प्रत्यक्ष पाहायला येणार होत्या आणि इथून पुढे जालन्याला दुसरा प्रकल्प पाहणार होत्या. दोन्हींतला एकच घेणार. आमचा घेतला तर लेक घरी राहणार, नाही तर बॅग भरून पुण्याला. बायकोनं तर तेव्हापासून त्या बॅगेकडे पाहणंच सोडलं होतं. आणि खरं सांगतो, मलाही ती जायला नको होती. म्हणून तर सगळा घोटाळा झाला!

आदल्या दिवशी प्रज्ञानं मला समोर बसवलं.

"पप्पा, उद्या तुमी काईच करू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे काईच नाई. मॅडम येतील, ड्रायर पाहतील, वाळलेले टमाटे पाहतील, चहा घेतील, जातील. त्यायच्याजवळ दोन तास आहेत फक्त."

"बरं," मी म्हणालो.

आता तुम्हीच सांगा, पुण्याहून एवढा मोठा पाहुणा पोरीसाठी गावात येतो आणि बापानं काहीच करायचं नाही? लोक काय म्हणतील? उद्या ती मॅडम जालन्याला गेली आणि तिथे तिला हार घातला, तर? मी चप्पल घातली आणि थेट माझ्या साळ्याकडे गेलो. साळा विलास, मंडप-डेकोरेशनवाला.

"इलास, उद्या एक छोटासा मंडप पाह्यजे."

"भाऊजी, छोटासा माह्याजवळ नाईच," विलास म्हणाला. "लग्नाचा आहे. पण मॅडम पुण्याच्या ना? मंग त्यायले मेच्या उन्हात बसवता का तुमी? चक्कर येऊन पडल्या तं पैसे कोन लावन?"

मला हा मुद्दा एकदम पटला.

सकाळी प्रज्ञानं टमाटे चिरून पेट्यांत लावले आणि मॅडमना रस्ता सापडावा म्हणून धाडच्या फाट्यावर जाऊन थांबली. तिची गाडी वळणापलीकडे गेली आणि इकडे विलासचा टेम्पो अंगणात शिरला! तासाभरात अख्खं अंगण झाकलं. गुलाबी झालरी, पांढरं छत, उन्हाचा कवडसा म्हणून शिल्लक नाही. गावात असा गार मंडप मी पाहिला नव्हता.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. वर पाहिलं, खाली पाहिलं.

"अहो, त्या पेट्यायवर सावली येऊन राह्यली ना."

"येऊ दे! गार राह्यले तं टमाटे ताजे राहतील!"

माझ्या अन्नतंत्रज्ञानाचा हा पहिला आणि शेवटचा शोध. बायकोनं फक्त कपाळावर हात मारला आणि आत गेली.

स्टेजला टेबल पाहिजे होतं आणि विलास टेबलं आणायला विसरला होता. पण त्याची नजर तयार! त्यानं दोन पेट्या सरळ ओढून एकीला एक लावल्या, वर पांढरी चादर टाकली, झालर लावली. एकदम बरोबर उंची. फक्त झाकण जरा उतरतं होतं, त्यामुळे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की घरंगळत पुढे यायच्या. मी म्हटलं, चालते, पाहुणे पकडतील.

सूत्रसंचालनाला आमचे गुरुजी. निवृत्त शिक्षक. मी निरोप फक्त त्यांनाच दिला होता, पण गुरुजींना निरोप देणं म्हणजे दवंडीच. साउंड लागला, 'हॅलो, हॅलो, चेक' झालं आणि अर्ध्या तासात गाव खुर्च्यांवर. माजी सरपंच पहिल्या रांगेत येऊन बसले. ते येणारच. त्यांना माईक आणि खुर्ची एका ठिकाणी आहे असं नुसतं समजलं तरी पुरे.

गाडी आली. प्रज्ञा उतरली आणि मंडप पाहून जागच्या जागी थांबली.

"पप्पा, हे काय आहे?"

"स्वागत!"

"ड्रायर कुठी आहेत?"

"मंडपातच आहेत की!" मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

ती पुढे काही बोलणार तोच गुरुजींचा आवाज स्पीकरमधून फुटला, "ज्यांच्या आगमनाची आपण चातकासारखी वाट पाहत होतो, त्या आदरणीय मॅडम!" आणि बायांनी मॅडमना ओवाळत थेट स्टेजवर नेऊन बसवलं. मॅडम साध्या होत्या. खेळायचे बूट, पाठीला बॅग, गोंधळलेलं हसू. दोन्ही कोपरं टेबलावर टेकून त्या बसल्या. जो ड्रायर पाहायला त्या पुण्याहून आल्या होत्या, त्याच्याच डोक्यावर कोपरं टेकून!

आधी महापुरुषांच्या प्रतिमांना हार. मग मॅडमचा सत्कार. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. (आम्ही बौद्ध, आमच्या घरी नारळाचं काही नसतं, पण सत्कारातला नारळ सगळ्या समाजांचा असतो, त्याला कोणी नाही म्हणत नाही.) इथपर्यंत ठीक होतं. पण मॅडमचा झाल्यावर त्यांच्या ड्रायव्हरकडे कोणाचं तरी लक्ष गेलं. तोही पुण्याचाच पाहुणा! त्याला कसं टाळता? त्याला गाडीतून काढून आणला आणि शाल घातली. मग माजी सरपंच घसा खाकरायला लागले. त्यांचा केला. मग बचत गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "काम आमी करतो अन् शाली यायले काऊन?" हेही खरंच. त्यांचा केला. मग ज्यांनी ज्यांनी सत्कार केले, त्यांचे सत्कार सुरू झाले.

आणि नारळ संपले.

विलास माझ्या कानाशी लागला. "भाऊजी, आता?"

कंडक्टरची नोकरी करताना मी गाडीत जागा नाही असं म्हणून कोणाला खाली ठेवलं नाही. इथे कसा ठेवणार? मी स्टेजवर गेलो आणि अदबीनं वाकून म्हणालो, "मॅडम, तो नारळ जरा देता का? लगेच वापस करतो."

मॅडमनी नारळ दिला. तो नारळ मग अर्ध्या गावाच्या हातून फिरला. शालही थोड्या वेळानं मागून घेतली. मधेमधे बाटल्या घरंगळायच्या आणि मॅडम गोलकीपरसारख्या पकडायच्या. प्रज्ञा खांबाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी तिकडे पाहायचं टाळत होतो.

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि गुरुजींकडे झुकल्या. "सर, मला जालन्याला निघायचंय. ते ड्रायर बघता येतील का?"

त्यांच्यासमोर माईक होता. ते अख्ख्या गावानं ऐकलं.

"जरूर, जरूर!" गुरुजी म्हणाले. "पण आधी मान्यवरांची मनोगतं, मग आभार. आभाराशिवाय स्टेज सोडता येत नाही, मॅडम."

माजी सरपंच मनोगताला उठले आणि प्रज्ञाचा बांध फुटला. ती तरातरा स्टेजवर आली, चादरीचं टोक धरलं आणि ओढलं. हार, बाटल्या, पुष्पगुच्छ सगळं जमिनीवर! तिनं झाकण उघडलं. आत सकाळचे टमाटे जसेच्या तसे ओले, वरून घाम सुटलेले, आंबट वास आणि दोन माश्या.

"मॅडम, हाच ड्रायर," ती म्हणाली. "आज दाखवण्यासारखं काहीच नाही. ऊन मिळालं नाही."

"एवढ्या मे महिन्यात?" मॅडमनी वर पाहिलं. "हा मंडप कोणी घातला?"

गुरुजींना वाटलं, श्रेय विचारून राह्यल्या. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला. "मंडपाचं सौजन्य, आपल्या सर्वांचे लाडके कंडक्टरसाहेब! जोरदार टाळ्या!"

आणि गाव टाळ्या वाजवू लागलं!

त्या टाळ्या ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. आजवर तिची एक फी चुकवली नाही, एक हौस मोडली नाही, आणि आज भर मंडपात मी तिच्या सगळ्या कष्टावर सावली धरली होती.

"माफ कर, बेटा," मी म्हणालो. तेही माईकमध्ये गेलं.

प्रज्ञानं डोळे पुसले आणि गुरुजींच्या हातातून माईक घेतला. "सगळ्यायनं उठा. खुर्च्या बाजूले घ्या. मामा, मंडप सोडा."

"आता? चालू कार्यक्रमात?" विलास ओरडला. "माहं नाव खराब होईन ना, पोरी!"

"मामा, सोडता का मी तोडू?"

मग जी धांदल उडाली! कोणी दोर सोडतंय, कोणी खांब धरतंय. छत खाली आलं ते नेमकं मनोगताला उभ्या राहिलेल्या माजी सरपंचांवर. ते आतूनच "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणत होते असं बाया अजून सांगतात. पण अंगणात ऊन आलं. कडक, पांढरं, डोळे दिपवणारं ऊन. बायांनी ओले टमाटे उकिरड्यावर टाकले, ट्रे धुतले आणि कांदे चिरायला, कढीपत्ता खुडायला बसल्या. मॅडम थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बॅग उतरवली, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "मलाही द्या विळी."

"मॅडम, जालना?" ड्रायव्हरनं आठवण केली.

"कळव त्यांना, आज नाही होत म्हणावं."

दुपारभर त्या तिथेच होत्या. पेटीत हात घालून पाहायच्या, प्रश्न विचारायच्या, प्रज्ञा उत्तरं द्यायची. बायकोच्या हातची भाकर, ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत आणखी मागितला. ऊन कलेपर्यंत कढीपत्ता कुरकुरीत झाला. मॅडमनी एक पान बोटांत चुरलं, वास घेतला.

"तयार माल मला सगळीकडे ताटात मांडून दाखवतात," त्या म्हणाल्या. "बिघडलेला माल दाखवणारी आणि लगेच पुन्हा कामाला लागणारी तूच पहिली भेटलीस, प्रज्ञा. मी पैसे लावते."

बायको रडायला लागली. मीही रडलो. माझ्या मनात आलं की आता मॅडमना पुन्हा एकदा शाल घालावी. मी नुसता विलासकडे वळलो होतो.

"आणि एक अट आहे," मॅडम घाईनं म्हणाल्या. "या अंगणात कसलाही कार्यक्रम होणार नाही. उद्घाटनाचासुद्धा नाही."

त्यामुळे फीत न कापता सुरू झालेला आमच्या भागातला हा एकमेव उद्योग असावा. माजी सरपंच अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण आता अंगण कमी पडेल इतक्या पेट्या लागल्या आहेत, बायांना बारमाही काम आहे आणि लेक घरी आहे. तिची बॅग बायकोनं माळ्यावर टाकली, वरून गोधड्याही ठेवल्या.

मलाही कारखान्यात जागा मिळाली आहे. रोज सकाळी मी कौतुकानं पेट्यांजवळ जातो, वाकून ट्रे पाहतो. लगेच मागून प्रज्ञाचा आवाज येतो.

"पप्पा, जरा बाजूले सरका. सावली पडून राह्यली तुमची."

मी सरकतो. बाकी काही असो, निवृत्तीनंतर हे एक काम मला बिनचूक जमतं.