हॉटेलची खुर्ची आणि आत्याची विहीर

अर्नाळ्याच्या अलीकडे, सुरूच्या बनाला लागून, समुद्राकडे तोंड करून बसलेलं एक जुनं मोठं हॉटेल आहे. आमच्या लहानपणी त्याला नुसतं ‘हॉटेल’ म्हणत. मुंबईचे पैसेवाले लोक तिथे हवा खायला येत. हवा आमच्याकडेही तीच होती, पण ती नीट खायची तर वेताची आरामखुर्ची लागते, असा आमचा समज होता.

हॉटेल नक्की किती जुनं आहे हे सांगता येत नाही, कारण दर रंगरंगोटीनंतर ते आणखी म्हातारं होतं. दाराशेजारच्या संगमरवरी पाटीवरचं साल मी तीनदा मागे सरकलेलं पाहिलं आहे. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत कुणी संस्थानिक महिनाभर राहून गेला म्हणतात. संस्थान कोणतं, ते सांगणाऱ्यावर अवलंबून असतं. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे अशा गोष्टींवर विश्वास बसायला मला वेळ लागतो, आणि बसलाच तर तो लवकर उठतो.

आसपासच्या गावांचा आणि हॉटेलचा संबंध मागच्या दाराने होता. दूध, मासळी, केळी, फुलं, सगळं तिकडून आत जायचं. माझी आत्या लग्न होऊन तिथल्या एका बागायती वाडीत आली तेव्हा सासूबरोबर सोनचाफ्याच्या कळ्या घेऊन रोज त्या मागच्या दाराशी जायची. पुढचा व्हरांडा तिने पाहिला तो वाळूतून चालताना, मान न वळवता. आम्हा सगळ्यांनाच तसं बघता यायचं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिचा फोन आला. मी विरारला फ्लॅटमध्ये राहते, ती अजून वाडीतच. आतोबा गेले, मुलगा पुण्याला.

“हॉटेलातनं बोलावणं आलंय,” ती म्हणाली. “पुढच्या दारानं.”

“काय पाहिजे त्यांना?”

“काय पाहिजे म्हणजे? चहाला बोलावलंय.”

“उगाच कुणी चहाला बोलवत नाही, आत्या.”

“तुला कुणी बोलवत नाही म्हणून तुला तसं वाटतं.”

मी बरोबर जायचं ठरवलं. तिच्याकडून त्या लोकांना हवं असेल असं एकच होतं, तिची विहीर. आमच्या पट्ट्यात जमिनीखाली गोडं पाणी असतं ते खाऱ्यावर तरंगत, दुधावर साय असावी तसं. बेताबेताने काढलं तर पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. मोठी मोटर लावून उपसलं की समुद्र आत येतो, आणि एकदा आला की परत जात नाही. आत्याच्या शेजारच्या वाडीतली विहीर टँकरवाल्यांना दिली होती. आता त्या पाण्याचा चहा फाटतो आणि वाडीतल्या केळी करपल्या आहेत. आत्याची विहीर गोड राहिली होती, कारण त्या घरात एक जुना नियम होता: पाण्याला कुणाला नाही म्हणायचं नाही, पण ज्याला पाहिजे त्याने स्वतःच्या हाताने ओढून न्यायचं. पूर्वी हॉटेलचा गडीही सकाळी हातगाडीवर पिंपं घेऊन यायचा आणि चहापुरतं पाणी ओढून न्यायचा.

आत्या लग्नकार्याची साडी नेसून तयार होती. हॉटेलच्या पायऱ्यांवर मॅनेजर उभा होता, तिशीचा, त्या दमट हवेत काळा कोट घालून. वाकून नमस्कार केला तोही सराईत. मला सराईत नमस्कारांची भीती वाटते.

“आजी, वेलकम. यू आर अवर हेरिटेज.”

आत्या माझ्याकडे वळली. “काय म्हणतो?”

“तू जुनी आहेस म्हणतो.”

“ते सांगायला बोलावलं?”

व्हरांड्यात आम्हाला समुद्रासमोर बसवलं. मी कबूल केलं पाहिजे की खुर्ची चांगली होती. लांब हातांची, पाठीला कललेली. तिच्यात बसलं की माणूस आपोआप आपल्या मालकीचं काहीतरी समोर पसरलंय अशा नजरेने बघू लागतो. मी मुद्दाम ताठ बसले. पांढऱ्या कपात चहा आला, बोटाएवढी सँडविचेस आली. आत्या काहीच खात नव्हती. ती नुसती बघत होती.

“इथून समुद्र वेगळाच दिसतो,” ती म्हणाली.

“तोच आहे.”

“तुला नाही कळायचं.”

तो चेहरा मी ओळखला. ह्या चेहऱ्याची माणसं कागद न वाचता सही करतात.

मॅनेजर हळूहळू मुद्द्यावर आला. आमचे जुने लोक सांगतात की पूर्वी हॉटेलचा चहा तुमच्याच विहिरीच्या पाण्याचा असायचा, आजी. ती ओरिजिनल टेस्ट आम्हाला गेस्टना परत द्यायची आहे. छोटीशी पाइपलाइन, बस. मोटर आमची, वीज आमची, विहिरीवर तुमच्या घराण्याच्या नावाची पाटी.

मी मागे वळून पाहिलं. जेवणघराच्या उघड्या दारातून पलीकडचं अंगण दिसत होतं. तिथे निळ्या लाद्यांचा ढीग होता आणि शेजारी खोलीएवढा खड्डा.

“चहाला मोटर लागते?” मी विचारलं.

“फ्यूचर एक्स्पान्शन, मॅम.”

“पोहण्याचा तलाव आहे तो.”

तो हसला. त्याने नाकारलं नाही. अशा ठिकाणी कुणी काही नाकारत नाही. हॉटेल इतकी वर्षं लोकांना आवडतंय त्याचं हे एक कारण असणार. घरी आपल्याला दिवसभर ‘नाही’ ऐकावं लागतं.

मी आत्याचा हात दाबला. ती समुद्राकडेच बघत होती.

“घ्या की पाणी,” ती म्हणाली.

मी तिचा हात आणखी जोरात दाबला.

“पाण्याला आम्ही कुणाला नाही म्हणत नाही,” ती पुढे म्हणाली. घरात वाडवळी बोली बोलणारी आत्या त्याच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी बोलत होती. “दोर आहे, बादली आहे. माणसं पाठवा. ओढून न्या, हवं तेवढं.”

“आजी, मोटर असली की त्रास नाही ना.”

“विहिरीवर हातानेच ओढायचं असतं. सासूने मला मोटर लावू दिली नाही, मी तुम्हाला लावू देईन? ती वरून बघत असेल.” मग खुर्चीच्या हातावर थाप मारून ती म्हणाली, “आणि दर गुरुवारी मी इथे चहाला येणार. ह्याच खुर्चीत.”

नाही म्हणायचं त्या माणसाला शिकवलेलंच नव्हतं. “शुअर, आजी,” तो म्हणाला.

पुढचा डाव काय पडतो याची मी वाट बघत राहिले. वकिलाचं पत्र येईल, नगरसेवकाचा फोन येईल, मुलाला पुण्यात गाठतील, असं सगळं मनात तयार होतं. आली ती पांढरे सुती कपडे घातलेली आठ-दहा माणसं, हॉटेलच्या गाडीतून. त्यांना विहिरीवर पाणी ओढण्याचा अनुभव घ्यायचा होता. त्याचे हॉटेल त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतं, हे मला नंतर कळलं. प्रत्येक जण बादली सोडायचा, फोटो काढायचा, दुसऱ्या बादलीला तळहात चोळायचा. बादल्यांचं पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून आत्या त्यांना केळींकडे पाठवायची. “अरे बाबा, बुंध्यात नको, आळ्यात ओत,” असं ती एका कंपनीच्या डायरेक्टरला सांगत होती. ते गृहस्थ हरखून गेले होते.

तलावही भरला. टँकर आले, कुठल्या तरी गावाच्या कुठल्या तरी विहिरीचे. तिथे बहुधा आत्या नसावी.

मी एकदा तिला विचारलं, “तुला त्यांचा डाव तेव्हाच कळला होता ना?”

“मला खुर्ची पाहिजे होती,” ती म्हणाली.

हे उत्तर खरं की खोटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दर गुरुवारी मी विरारहून बस पकडून तिच्याबरोबर जाते. लक्ष ठेवायला, असं मी सगळ्यांना सांगते. परतताना तिच्या विहिरीचं ओंजळभर पाणी पिऊन बघते. अजून गोड आहे.

हल्ली मात्र मॅनेजर चहाच्या वेळी आमच्याजवळ येऊन बसू लागला आहे. आजींची शुगर कशी आहे, गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागते का, अशी चौकशी करतो. एवढी चौकशी तिचा मुलगाही करत नाही. मागच्या गुरुवारी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की आजींच्या नंतर वाडीचं कोण बघणार.

“ही बघणार,” आत्याने माझ्याकडे बोट केलं. “विहीर हिच्या नावावर करायची, असं मुलाशी बोलून झालंय माझं. हिचा कुणावर विश्वास नाही, म्हणून.”

मला ते तिथेच पहिल्यांदा कळत होतं. मॅनेजरने माझ्याकडे वळून पाहिलं, नव्याने ओळख झाल्यासारखं.

काल मला हॉटेलातून फोन आला. रविवारी चहाला या, मॅम, फक्त तुम्ही. आम्ही वाचनालय नवं केलंय, तुमच्यासारख्यांचं मत हवंय. असलं आमंत्रण मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. मी आत्याला फोन करून सांगितलं की जायचं नाही असं मी पक्कं ठरवलंय.



“जाशील तेव्हा कोपऱ्यातली खुर्ची माग,” ती म्हणाली. “तिथनं अर्नाळ्याचा किल्ला दिसतो.”