अक्काचं धुतलेलं दुपटं

मुरबाडच्या घरातून दळण घेऊन निघाले होते, तेवढ्यात शेणव्याहून दाजींचा फोन आला. "अक्का गेली गो... झोपेतच." माझी थोरली बहीण! त्याच आठवड्यात तिला भेटून आले होते. ओट्यावर बसून लेकीच्या येणाऱ्या बाळासाठी आपल्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं चोळत होती. धुऊन धुऊन त्याचा रंग उडालेला. मी ओरडलेच, "अगं, फाटेल ना ते!" तर म्हणाली, "फाटू दे. शिसं निघालं पायजे."

अक्काची मासेमारीची जाळी म्हसा गावच्या जत्रेत हातोहात खपायची. नदीत फेकायच्या जाळ्याला खाली शिशाचे मणी लागतात. ते ती घरीच ओतायची, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं भाताच्याच चुलीवर वितळवून. सासूने शिकवलेलं काम. लेक सुनीता लहानपणापासून शेजारी बसायची आणि मणी दोरीवर दातांनी चावून घट्ट करायची. पहिल्या बाळंतपणाला अक्काने तिला हौसेने माहेरी आणलं. "कशाला हात लावू नको, नुसती ऊब घे," म्हणत चुलीपाशीच बसवलं. काय लाड केले हो तिचे!

बाळ अगदीच बारकं निघालं. दूध ओढायची ताकद नव्हती, गेलं बिचारं. डॉक्टरीणबाईंनी घरात काय चालतं ते विचारलं, सुनीताचं रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, बाई म्हणाल्या. पण बाळ त्यानंच गेलं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. अक्काला ते 'नाही सांगता येणार'च खात राहिलं. नक्की कळलं असतं तर एकदाची रडून मोकळी झाली असती.

तिने चूल फोडली, शिशाची पळी पुरली. सुनीताला पुन्हा दिवस गेले तेव्हा फोनवर म्हणाली, "इकडं येऊ नको. तुला माहेर नाय." पलीकडून पोर रडत होती, "आये, मी काय केलं गो?" अक्काने फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबला. मी समजूत काढली, लांब आहे ना ती, होईल सगळं नीट. तर म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हनल्या, हाडात ऱ्हातं ते. बाई पोटुशी असली की हाडातनं परत रक्तात येतं. पोरीनं बारकेपणापासनं मणी चावलेत. कुठं लांब ठेवू तिला?" देवाचा नुसता संताप येतो.

सुनीताचे दिवस भरत आलेले, म्हणून तिला आईच्या मौतीलाही आणलं नाही. दुपटं दाजींनी माझ्या हातात दिलं. काल तिचा फोन आला. "मावशे, आयेनं शिवलेलं दुपटं घेऊन ये हां. बाळाला पयलं त्यातच घेनार मी."

"आणते गो," म्हणाले. मग ते बादलीत भिजत घातलं आणि चोळायला बसले.